गर्भाशय-अंतःस्तर परीक्षा

गर्भाशयाच्या पोकळीस आतून आच्छादणाऱ्या थरातील (अंतःस्तरातील) ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या–पेशींच्या–समूहाचा) नमुना काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या क्रियेस ‘गर्भाशय-अंतःस्तर परीक्षा’ म्हणतात. अपसामान्य रक्तस्रावाच्या मुळाशी अंतःस्तराचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था ठरू शकणारी अतिवृद्धी आहे काय, हे पाहणे हा तिचा मुख्य हेतू होय. ऋतुनिवृत्तीनंतरचा कोणताही रक्तस्राव आणि ४५ वर्षांवरील स्त्रीतील अपसामान्य स्राव यांत ही शक्यता विचारात घ्यावी लागते. स्थूलतेसारखी कारणे असल्यास त्याहून कमी वयातही परीक्षा करतात. गर्भारपण नसल्याची खात्री आधी करून घेतात.

नमुना घेण्याच्या पद्धती : (१) विस्फारण व खरवड : व्यवहारात ‘क्युरेटिंग’ म्हणून परिचित असलेल्या या पद्धतीत सामान्यतः भूल देऊन गर्भाशयग्रीवेचे मुख रुंद करतात व कडेला धार असलेल्या उपकरणाने अंतःस्तर खरवडतात. गर्भाशयाला छिद्र पडणे, जंतुसंसर्ग इ. उपद्रव क्वचित उद्‌भवतात.

(२) चूषण : १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या ‘व्हाब्रा’ उपकरणात धातूची बारीक नळी चूषणपंपास जोडलेली असते. ई. कॉर्निये यांनी १९८४ मध्ये वर्णन केलेली ‘पिपेल’ ही सु. ३ मिमी. व्यासाची लवचिक प्लॅस्टिक नळी असून आतील दट्ट्या मागे ओढताच निर्वात निर्माण होऊन ऊतक नळीत येते. बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत, बहुधा भूल न देता नमुना मिळतो. ओटीपोटात थोडा वेळ कळा येतात.

(३) गर्भाशयदर्शन : डी. पँटालिओनी यांनी १८६९ मध्ये ६० वर्षांच्या स्त्रीच्या गर्भाशयातील रक्तस्रावी वाढ या मार्गाने पाहिली होती. आता पोकळी द्रवाने फुगवून संशयित जागेचाच नमुना घेता येतो व मांसांकुर (पॉलिप) मुळासकट काढता येतो.

तुलना : पहिल्या दोन्ही पद्धतींत नमुना न पाहताच घेतला जातो. गर्भाशय काढून टाकण्यापूर्वी केलेल्या खरवडीच्या १९७५ मधील एका अभ्यासात सु. ६०% स्त्रियांमध्ये पोकळीचा निम्म्याहून कमी भाग खरवडला गेल्याचे आढळले. १९९३ मधील अभ्यासात पिपेलने सरासरी ४%, तर व्हाब्राने ४२% पृष्ठभागाचा नमुना आला. तरीही कर्करोग बहुधा विस्तृत पसरलेला असल्याने एवढा नमुनाही पुष्कळदा पुरतो. अनेक अभ्यासांच्या २००० मधील एकत्रित आढाव्यात पिपेलने ऋतुनिवृत्तीनंतरच्या ९९·६% व त्यापूर्वीच्या ९१% कर्करोगांचे निदान झाले. एकाच जागी किंवा मांसांकुरात सीमित असलेला रोग मात्र निसटू शकतो.

योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत ऋतुनिवृत्तीनंतरचा अंतःस्तर ४ मिमी. किंवा त्याहून पातळ असल्यास कर्करोगाचा संभव फारच कमी असतो. नमुना लगेच घ्यावाच लागतो असे नाही. सर्वसाधारणपणे प्रथम पिपेल वापरतात व स्थानिक विकृतीचा संशय असल्यास गर्भाशयदर्शन करतात. कर्करोग आढळल्याचा निष्कर्ष विश्वसनीय असतो. परंतु नमुना अपुरा असल्यास किंवा निर्दोष ठरूनही रक्तस्राव चालू राहिल्यास रोग नाही असे मानता येत नाही. रक्तस्राव चालूच राहिल्यास सोनोग्राफीतील अंतःस्तर पातळ असला, तरी गर्भाशयदर्शनासह पुन्हा परीक्षा करणे आवश्यक असते.