सरपण विकत घेताय की पाणी?

न्यू इंग्लंडमध्ये जुन्या घरात राहायला गेलात आणि तिथे लाकडाचा स्टोव्ह असला, तर ऑक्टोबरमध्ये तुम्ही कुणाला तरी फोन करता, ट्रक येतो, दारात सरपणाचा ढीग ओततो आणि निघून जातो. आमच्याकडेही तसंच झालं. विकणाऱ्याने ‘सीझन्ड ओक’ म्हणून सांगितलं होतं, म्हणजे वाळवलेलं. पहिल्याच आठवड्यात स्टोव्हची काच काळी पडली. लाकडाच्या टोकांना फेस यायचा आणि ते नुसतं चुरचुरत बसायचं. जानेवारीत धुराडं साफ करायला आलेल्या माणसाने आतून खरवडून काढलेला, डांबरासारखा चकचकीत थर आमच्यापुढे धरला. हा पेटला असता तर घर गेलं असतं, म्हणाला. पॉडकास्टमध्ये हा किस्सा घाईत सांगून झाला, त्यामागचं कारण इथे नीट सांगतो.

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, कुठल्या झाडाचं लाकूड घेऊ? खरं तर कोरडं झाल्यावर किलोमागे जवळपास सगळी लाकडं सारखीच उष्णता देतात. फरक पडतो कारण इथे सरपण वजनावर नाही, आकारमानावर विकतात. एक कॉर्ड म्हणजे 4 फूट रुंद, 4 फूट उंच आणि 8 फूट लांब रचलेला ढीग, 128 घनफूट. तेवढ्याच ढिगात पांढऱ्या ओकमधून पांढऱ्या पाइनच्या जवळपास पावणेदोन पट उष्णता मिळते, कारण ओक जड. देशावर बाभळीचं सरपण मिळालं की लोक खूश होतात, तेही याचमुळे. (‘फेस कॉर्ड’ म्हणून विकतात तो बहुतेक वेळा पूर्ण कॉर्डचा एक तृतीयांश असतो. भाव विचारताना हे आधी विचारा.)

पण झाडापेक्षा पाणी महत्त्वाचं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. जाळायला ते 20 टक्क्यांच्या खाली हवं. आता हिशेब करा. एक किलो ओल्या लाकडात अर्धा किलो पाणी धरलं, तर त्याची वाफ करायला साधारण 1.3 मेगाज्यूल लागतात, आणि उरलेल्या अर्धा किलो लाकडातून मिळतात 9 च्या आसपास. म्हणजे सातवा हिस्सा गेला. वाईट आहे, पण एवढंच असतं तर चाललं असतं.

खरा तोटा वेगळाच आहे. लाकूड तापलं की त्यातून वायू बाहेर पडतात आणि ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंमध्ये असते. ते पूर्ण जळायला साधारण 600 अंश सेल्सिअस तापमान लागतं. ओल्या लाकडाची आग पाणी उकळण्यातच थंड पडते, वायू न जळताच धूर होऊन वर जातात आणि थंड धुराड्यात चिकटतात. आम्हाला दाखवलेला थर तो हाच, क्रिओसोट. पाइनच्या राळेमुळे तो होतो असं इथले बरेच लोक छातीठोकपणे सांगतात. माझं मत विचाराल तर कोरडा पाइन ओल्या ओकपेक्षा कधीही बरा. लवकर जळून जातो, इतकंच.

मग ओळखायचं कसं? दोन तुकडे एकमेकांवर आपटा. कोरड्याचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द. टोकांच्या भेगा आणि राखाडी रंग यांवर फार विसंबू नका. ओकला बाहेरून भेगा पडतात आणि आत ओल तशीच राहते. खात्री हवी असेल तर ढिगातला एक तुकडा फोडा आणि नव्या फोडलेल्या बाजूवर मॉइश्चर मीटर टोचा. बाहेरच्या बाजूचं माप फसवं असतं. रंगवलेलं लाकूड, प्लायवुड, डेकच्या जुन्या फळ्या फुकट मिळाल्या तरी जाळू नका. जुन्या फळ्यांमध्ये आर्सेनिक असू शकतं. आणि कॅम्पिंगला जाताना घरचं सरपण गाडीत टाकू नका. ॲश झाडांचा फडशा पाडणारा एमराल्ड ॲश बोरर हा किडा अशाच लाकडातून पसरतो, म्हणून न्यूयॉर्क राज्यात प्रक्रिया न केलेलं सरपण 50 मैलांपलीकडे न्यायला बंदी आहे.

कोकणात सरपणाची बेगमी पावसाच्या आधी करतात. इथे ती वसंतातच करायची, आणि ओक असेल तर आदल्या वर्षीच्या वसंतात, कारण त्याला वाळायला दोन उन्हाळे लागतात. फोडून ठेवा, जमिनीपासून उचलून रचा, वरून झाका पण बाजू उघड्या ठेवा. वाळवायचं काम वारा करतो. बर्च तर लगेच फोडा, अख्ख्या ओंडक्याची साल पाणी आत कोंडते आणि लाकूड कुजतं.

नोव्हेंबर उजाडलाय आणि दारातला ढीग ओला निघाला, तर तो पुढच्या वर्षासाठी रचून ठेवा. या हिवाळ्यापुरतं भट्टीत वाळवलेलं लाकूड किंवा दाबलेल्या भुशाच्या विटा घ्या. महाग पडतात. आम्ही दोन महिने त्यावरच काढले.