कृषिमंत्र्यांच्या हातात असते काय?

कांद्याची निर्यात बंद झाली की लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्यांत लिलाव थांबतात, रस्त्यावर कांदा ओतला जातो आणि घोषणा होतात त्या कृषिमंत्र्यांच्या नावाने. डिसेंबर २०२३ मधली निर्यातबंदी आठवून पाहावी. ती अधिसूचना काढली विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाच्या कार्यालयाने. त्याआधी ऑगस्टमध्ये लागलेले ४० टक्के निर्यातशुल्क अर्थ मंत्रालयाचे. शहरातल्या गिऱ्हाइकासाठी कांद्याचा राखीव साठा ठेवतो तो ग्राहक व्यवहार विभाग. कांदा पिकवणाऱ्याचे उत्पन्न ठरवणाऱ्या या तिन्ही ठिकाणी आदेश काढणारे खाते कृषी नव्हते.

मग देशाच्या कृषी मंत्रालयाकडे असते तरी काय? मी कृषी पदवीधर नाही आणि अर्थशास्त्रज्ञही नाही. जुने अहवाल, कायदे आणि नियमपुस्तिका वाचण्याचा नाद मात्र आहे. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

घटनेने केलेली वाटणी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची उघडली की पहिला उलगडा होतो. नोंद १४ : शेती, शेतीचे शिक्षण व संशोधन, पिकांवरील कीड-रोगांपासून संरक्षण. नोंद १७ : पाणी. नोंद १८ : जमीन. नोंद २८ : बाजार आणि जत्रा. नोंद ३० मध्ये सावकारीबरोबर शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचाही उल्लेख आहे. शेतकऱ्याच्या आयुष्यातले जवळजवळ सगळेच या यादीत, म्हणजे राज्यांकडे. केंद्राकडे येतो तो आंतरराज्य आणि परदेशी व्यापार. १९५४च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीनंतर अन्नधान्य, वैरण, कापूस आणि ताग यांच्या व्यापारावर दोघांनाही कायदे करता येतात. ही समवर्ती सूचीतली नोंद ३३.

ही वाटणी घटनाकारांनी कोऱ्या पाटीवर केली नव्हती. १८७१ मध्ये लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत महसूल, शेती आणि व्यापार असे एकत्र खाते निघाले. त्यामागे मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाची ओढ मोठी होती. त्या खात्याचे सचिव होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. १८७९ मध्ये खाते गुंडाळले गेले. दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर १८८१ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. १९१९च्या सुधारणांत शेती हा विषय प्रांतांकडे गेला आणि तिथेच राहिला. दिल्लीतले कृषी खाते जन्मापासूनच महसूल आणि व्यापार यांच्या सावलीत वाढले, असे म्हणायला हरकत नाही.

एक शेतकरी, अनेक खाती

दुसरा उलगडा 'भारत सरकार (कामकाज वाटप) नियम, १९६१' या कोरड्या दस्तऐवजात होतो. कोणत्या मंत्रालयाने कोणते काम करायचे याची ही यादी. तिच्या आधारे एका शेतकऱ्याचे वर्ष मांडून पाहा. युरिया रसायने व खते मंत्रालयाकडे. धरण आणि कालवा यांचे केंद्रातले काम जलशक्ती मंत्रालयाकडे. विदर्भातला कापूस हमीभावाने घेणारे भारतीय कापूस महामंडळ वस्त्रोद्योग मंत्रालयाचे. उसाच्या एफआरपीची अंमलबजावणी आणि साखरेचे धोरण अन्न मंत्रालयाकडे. गहू-तांदूळ खरेदी करणारे अन्न महामंडळही तिथेच. अन्नप्रक्रियेला १९८८ पासून वेगळे मंत्रालय आहे. पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि मत्स्यव्यवसाय २०१९ मध्ये बाहेर पडले, सहकार २०२१ मध्ये.

उरते काय? संशोधन आणि कृषिशिक्षणाला दिशा देणे, बियाणे व कीटकनाशकांचे नियमन, पीकविमा, आकडेवारी, राज्यांना योजनांचा निधी आणि पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये. हमीभावाची शिफारस करणारा कृषी मूल्य आयोग याच मंत्रालयाचा, पण अंतिम निर्णय आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समितीचा. २०१५ मध्ये मंत्रालयाच्या नावात 'शेतकरी कल्याण' हे शब्द आले. कल्याणाची साधने मात्र इतर खात्यांत विखुरलेलीच राहिली.

इतकी कमी सत्ता असताना नेतृत्व कसले?

याचे उत्तर १९६४ ते १९६७ या तीन वर्षांत सापडते. लालबहादूर शास्त्रींनी पोलाद खात्याचे मंत्री सी. सुब्रमण्यम यांना अन्न व कृषी खात्यात आणले. अमेरिकेहून पीएल-४८० खाली येणाऱ्या गव्हावर देश जगत होता. दुष्काळानंतर १९६६ मध्ये तर सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. सुब्रमण्यम यांनी पहिला हात घातला तो संस्थांच्या रचनेला. जानेवारी १९६५ मध्ये प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली कृषी मूल्य आयोग नेमला गेला. त्याच महिन्यात अन्न महामंडळ सुरू झाले. तोवर सनदी अधिकाऱ्यांच्या हाती असलेल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी १९६५ मध्ये प्रथमच शास्त्रज्ञ आला, डॉ. बी. पी. पाल. विखुरलेल्या संशोधन संस्था परिषदेच्या छत्राखाली आल्या.

या रचनेमागचा विचार साधा होता. शेतकऱ्याने नवे बियाणे पेरावे तर त्याला भावाची खात्री हवी, पिकलेले घेणारा कोणी हवा आणि बियाण्यामागे विज्ञान हवे. यांतली एकही बाजू ढिली पडली तर उरलेल्या दोन निरुपयोगी. याला विरोध झाला तो घरातूनच. खतांसाठी परकीय चलन द्यायला अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी तयार नव्हते, नियोजन मंडळही साशंक होते. सुब्रमण्यम यांनी मंत्रिमंडळात किल्ला लढवला आणि स्वतःच्या दिल्लीतल्या बंगल्याच्या हिरवळीवर नवा गहू पेरून दाखवला. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आले. १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २३ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. ते पीक घरात आले तेव्हा सुब्रमण्यम निवडणूक हरले होते आणि खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. धोरण मात्र माणसाबरोबर गेले नाही, कारण ते संस्थांत रुजले होते. नगर जिल्ह्यातून निवडून गेलेले अण्णासाहेब शिंदे त्या काळापासून १९७७ पर्यंत याच खात्यात होते. सातत्य टिकवण्याचे त्यांचे काम आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

नेतृत्वाची दुसरी तऱ्हा डॉ. पंजाबराव देशमुखांची. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात शेतीचे काम पाहताना त्यांनी ओळखले की मंत्र्यामागे संघटित शेतकरी नसेल तर इतर खाती त्याला जुमानणार नाहीत. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज उभा केला. १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले आणि शेतकऱ्याला राजधानीच्या नजरेसमोर आणले.

शरद पवार २००४ ते २०१४ कृषिमंत्री होते आणि त्यांतली सात वर्षे अन्न व ग्राहक व्यवहारही त्यांच्याकडेच होते. उत्पादकाला भाव हवा आणि गिऱ्हाइकाला स्वस्ताई, हा झगडा तेव्हा एकाच टेबलावर आला. तरीही २००८च्या कर्जमाफीची घोषणा झाली ती अर्थमंत्र्यांच्या अंदाजपत्रकातून. २०२० मध्ये वेगळा मार्ग निवडला गेला. राज्यांना समजावत बसण्याऐवजी बाजार व्यापारासंबंधीच्या नोंदींचा आधार घेऊन केंद्राने थेट तीन कायदे केले. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि वर्ष संपण्याआधी संसदेने ते रद्द केले. कायद्यांच्या गुणदोषांवर मतभेद असतील. पण ज्या क्षेत्रात अधिकार वाटलेले आहेत तिथे संमतीवाचून चालता येत नाही, एवढे त्यातून दिसले.

डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने शेती समवर्ती सूचीत न्यावी असे सुचवले होते. मला तो उपाय पुरेसा वाटत नाही. कोकणातली भातखाचरे आणि पंजाबातली गव्हाची शेते यांचा निर्णय एका इमारतीतून होऊ नये. शिवाय अडचण केंद्र आणि राज्य यांच्याइतकीच दिल्लीतल्या दिल्लीत आहे. निर्यातबंदी, आयातशुल्क, साठामर्यादा असे निर्णय होताना खात्याखात्यांत विचारविनिमय होतो. कृषी मंत्रालयाने काय मत दिले ते मात्र शेतकऱ्याला कळत नाही. शेतमालाच्या भावावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक आदेशासोबत कृषी मंत्रालयाचे लेखी मत संसदेपुढे ठेवावे, एवढा नियम झाला तरी पुष्कळ होईल. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही.

मग बाजार समितीच्या फाटकावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला निदान समजेल की आपला मंत्री आपल्या बाजूने बोलला आणि हरला, की बोललाच नाही. घोषणा कोणाच्या नावाने द्यायची, हे त्याला ठरवता येईल.