दगडातलं झाड, आणि त्याच्या खालची चिठ्ठी

‘हा दगड कोणता?’ एवढाच मजकूर, आणि सोबत मोबाइलवर काढलेला एक फोटो. तुम्ही भूशास्त्रात पीएचडी करताय हे ओळखीपाळखीत एकदा पसरलं, की असे मेसेज ठरलेले. फोटोत बहुतेक वेळा तळहाताएवढी, एका बाजूने चकाचक पॉलिश केलेली दगडाची चकती असते. तिच्यात पट्टे, डोळे, डोंगर, ढग, नाहीतर झाडं. फोटो बघून ‘जॅस्पर’ किंवा ‘अगेट’ असं ठोकून देणं सोपं आहे. पण ओळख पटवायला नक्षी फारशी कामाची नसते. सारखी नक्षी अगदी वेगळ्या दगडांत सापडते, आणि एकाच दगडाच्या दोन कापांत ती वेगळी दिसते. म्हणून नक्षीकडे शेवटी बघायचं.

मध्यंतरी एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी अशी एक चकती प्रत्यक्ष आणून दिली, तिचंच उदाहरण घेऊ. रंग दुधी-करडा, आणि आत नेच्याच्या पानासारखं काळं काहीतरी. फूटपाथवरच्या विक्रेत्याने ती ‘पानाचा फॉसिल’ म्हणून विकलेली. मोबाइलमधल्या ॲपचं म्हणणं ‘लँडस्केप जॅस्पर’. शाळेतले एक सर म्हणाले, ‘हा तर शजर.’ बाईंना ती काचेच्या कपाटात ठेवायची होती आणि खालच्या चिठ्ठीवर काय लिहू, असं त्या विचारत होत्या. शाळेतली चिठ्ठी पुढची वीस-पंचवीस वर्षं कोणी बदलत नाही आणि मुलं ती वाचतच राहतात. त्यामुळे उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं.

आधी बघायचं, हे सिलिका आहे का. अगेट आणि जॅस्पर ही एकाच घरातली भावंडं. दोन्हींचा मुख्य माल क्वार्ट्झ, म्हणजे आपल्या गारगोटीत असतं तेच, फक्त कण इतके बारीक की साध्या भिंगातून दिसत नाहीत. हे कण तंतूंसारखे असतील तर त्या पदार्थाला कॅल्सेडनी म्हणतात, आणि पट्टेदार कॅल्सेडनी म्हणजे अगेट, ज्याला आपल्याकडे अकीक म्हणतात. जॅस्परमध्ये कण दाणेदार असतात आणि लोहाची ऑक्साइडं, चिकणमाती असला ऐवज भरपूर मिसळलेला असतो, म्हणून तो अपारदर्शक.

या दोन्हींची कठिनता ६.५ ते ७ असते. पोलादी चाकूची साधारण ५.५. चकतीच्या पॉलिश न केलेल्या कडेवर चाकूचं टोक दाबून ओढा. दगडावर चरा पडला तर विषय संपला. दगडावर करडी रेघ उमटली आणि ती बोटाने पुसली गेली, तर ते चाकूचंच लोखंड आहे, दगड पास. बाजारात ‘ओनिक्स’ म्हणून मिळणाऱ्या हिरवट पट्टेदार वाट्या आणि कासवं बहुतेक वेळा इथेच नापास होतात, कारण ती कॅल्साइटची असतात आणि कॅल्साइटची कठिनता फक्त ३. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने कॅल्साइट फसफसतं, क्वार्ट्झ ढिम्म राहतं.

दुसरी चाचणी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर होते, आणि ती मला फार आवडते. आधी चकती कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. चकती दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा दाखवेल तो आकडा म्हणजे चकतीने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. बाईंची चकती कोरडी १८२ ग्रॅम भरली, पाण्यात आकडा आला ७०. भागाकार २.६. कॅल्सेडनीचं विशिष्ट गुरुत्व याच्याच आसपास असतं. मात्र बऱ्याच फेल्डस्पारचंही तसंच असतं, म्हणून एकट्या या आकड्यावर विसंबायचं नाही.

मग टॉर्च. मोबाइलचा दिवा चकतीच्या मागे धरला तर बाईंचा दगड मधासारखा उजळला. जॅस्पर असा उजळत नाही, पातळ कडेलाही अंधारच ठेवतो. ॲपचं उत्तर इथे बाद झालं. तसंही बाजारातल्या ‘जॅस्पर’ या शब्दावर जरा संशयच ठेवावा. काळे ठिपके असलेला ‘डाल्मेशियन जॅस्पर’ मेक्सिकोतून येतो आणि तो मुळात क्वार्ट्झ-फेल्डस्पारचा अग्निजन्य खडक आहे. त्यातले ठिपके ॲम्फिबोल गटातल्या खनिजाचे. दुकानदार फसवतोच असं नाही. त्याच्या भाषेत ‘जॅस्पर’ म्हणजे नक्षी असलेला, चांगलं पॉलिश घेणारा, अपारदर्शक दगड, एवढंच.

रंगाचं थोडक्यात सांगते. कॅल्सेडनी सच्छिद्र असते, त्यामुळे ती रंगवता येते. झगझगीत निळा किंवा गुलाबी दिसला आणि भेगांमध्ये तो जास्त गडद साचलेला असला, की तो रंग बाहेरून आलाय असं समजा. खंबातच्या कारागिरांची तापवण्याची पद्धत याहून वेगळी आहे. तिथे पिवळसर अकीक तापवून लाल करतात. आतलं गोएथाइट पाणी सोडतं आणि त्याचं हेमॅटाइट होतं. रंग दगडातल्याच लोहाचा, आच माणसाची.

आता झाडाकडे येऊ. विक्रेत्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं मुळीच नव्हतं. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मध्ये तळ्यांचा गाळ अडकलाय, आणि त्यातली झाडं खरोखरच सिलिकामय झालेली आहेत. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या चर्टमध्ये फुलं-फळंसुद्धा सापडली आहेत. बिरबल साहनींनी या थरांतल्या वनस्पतींवर काम केलं होतं. त्यामुळे ‘सिलिकात झाड कसं असेल?’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. तपासावं लागतं.

तपासायचं ते असं. खऱ्या वनस्पतीत पेशी असतात, आणि सिलिका त्या इतक्या निगुतीने जपते की पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशीभित्तिका दिसतात. बाईंच्या चकतीत पेशी नव्हत्या. पानाची मधली शीर नव्हती, देठ नव्हता. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक ‘फांदी’ एका केसाएवढ्या भेगेतून फुटत होती. हे डेंड्राइट. लोह आणि मँगेनीज विरघळलेलं पाणी भेगेतून झिरपलं आणि त्यातली ऑक्साइडं जागोजागी बसत गेली. पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षं ‘डेंड्राइट म्हणजे पायरोल्युसाइट’ असं छापलं जायचं. १९७९ साली पॉटर आणि रॉसमन यांनी नमुने तपासले तेव्हा मँगेनीजची दुसरीच ऑक्साइडं निघाली, पायरोल्युसाइट नाही.

पण मग आकार झाडासारखाच का? १९८१ मध्ये विटन आणि सँडर या दोघांनी एक साधं गणित मांडलं. मधोमध एक कण चिकटवून ठेवा. दूरवरून दुसरा कण सोडा, तो दारुड्यासारखा वाट्टेल तसा भटकत येईल आणि पहिल्याला शिवला की तिथेच चिकटेल. मग तिसरा, चौथा, हजारावा. वाटतं की गोळा तयार होईल. होतं झाड! कारण बाहेर डोकावणाऱ्या टोकाला भटका कण आधी भेटतो आणि आतल्या बेचक्यांपर्यंत फारसं कुणी पोचतच नाही. टोक वाढतं, म्हणून त्याला आणखी कण मिळतात. दगडातलं रसायन याहून गुंतागुंतीचं असतं, पण फांद्या फुटण्याचं कारण बरंचसं हेच. पायथन येत असेल तर वीस-तीस ओळींत लॅपटॉपवर करून बघा.

राहिलं सरांचं ‘शजर’. शजर म्हणजे अरबीत झाड, आणि उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात केन नदीत मिळणाऱ्या वृक्षाकृती अकीकाला हे नाव आहे. अशाच दगडाला युरोपात ‘मोखा स्टोन’ म्हणायचे, येमेनच्या मोखा बंदरावरून. म्हणजे दगड एकाच जातीचा, नाव कुठल्या नदीत सापडला किंवा कुठल्या बंदरातून गेला यावर. बाईंची चकती केनमधली असू शकते, तशी दख्खनच्या कुठल्याही नदीतली असू शकते. नुसत्या डोळ्यांनी हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेतही सहज नाही. हडप्पा इथल्या अकीकाच्या वस्तूंचं मूळ शोधताना रँडल लॉ यांना न्यूट्रॉन ॲक्टिव्हेशनने त्यातली अत्यल्प मूलद्रव्यं मोजून वेगवेगळ्या खाणींतल्या नमुन्यांशी ताडून बघावी लागली. तेही मूळ ठिकाण माहीत असलेले नमुने हाताशी होते म्हणून जमलं. फूटपाथवरून आलेली चकती अशा तुलनेत नमुना म्हणून उभीच राहू शकत नाही.

चिठ्ठीवर शेवटी हे लिहिलं: ‘वृक्षाकृती अकीक (कॅल्सेडनी). काळी नक्षी लोह-मँगेनीज ऑक्साइडांची, वनस्पतीचा जीवाश्म नाही. मूळ ठिकाण: अज्ञात.’ बाईंना ‘अज्ञात’ हा शब्द खटकला. मुलांना काय वाटेल, म्हणाल्या. मी तो काढू दिला नाही.

तुम्ही स्वतः नदीपात्रातून दगड गोळा करत असाल तर त्याच दिवशी पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका लावा, वाळला की त्यावर काळ्या शाईने क्रमांक टाका आणि वहीत त्या क्रमांकासमोर नदी, जवळचं गाव, तारीख लिहून ठेवा. आणि कापायला दिलात तर कारागिराला सांगा, एक कड तशीच ओबडधोबड ठेव. चाकू तिथेच चालवायचा असतो.