पळणं रक्तात असतं का?

पहाटे नाशिकच्या जेल रोडला किंवा देवळाली कॅम्पच्या बाजूला गेलं की भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतात. कुणाचं लक्ष पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरवर, मुलींचं आठशेवर, कुणाचं लष्करावर. पळणाऱ्यांपेक्षा कट्ट्यावर बसून बघणाऱ्यांकडे शरीराबद्दलचे सिद्धांत जास्त असतात.

‘पळणं रक्तातच असावं लागतं’ हा त्यातला सर्वांत लाडका. दाखलाही ठरलेला : सावरपाड्याची कविता राऊत. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. आदिवासी पाड्यावरची मुलगी, म्हणजे रक्तातच! मग प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी नाशिकमध्ये तिच्याकडून वर्षानुवर्षं घाम गाळून घेतला तो कशासाठी? उपजत देणगी असते, ती कुणी नाकारत नाही. पण जनुक अंगात असणं वेगळं आणि ते कामाला लागणं वेगळं. प्रथिनं बनवायची कृती सांगणारी सुमारे २० हजार जनुकं आपल्याकडे असतात. स्नायूत त्यातली कुठली किती वाचली जातील, हे बरंचसं त्या स्नायूच्या वापरावर ठरतं.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २०१४मध्ये याचा झकास पुरावा दिला. २३ जणांनी तीन महिने, आठवड्यातून चार वेळा, फक्त एकाच पायाने व्यायाम केला. नंतर दोन्ही मांड्यांमधून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. व्यायाम केलेल्या पायात डीएनएवरच्या मिथाइल खुणा, म्हणजे जनुकांचं वाचन कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा, हजारो ठिकाणी बदलल्या होत्या आणि अनेक जनुकांचं कामही. दोन्ही पायांचे आईबाप मात्र एकच!

यावरून ‘जोराच्या व्यायामाने जनुकंच बदलतात’ असं कुणी सांगू लागलं, तर तेही चूक. डीएनएचा मजकूर तोच राहतो, बदलतात त्यावरच्या खुणा आणि वाचनाचं प्रमाण. जोराला महत्त्व आहे हे मात्र खरं. याच संस्थेच्या २०१२च्या प्रयोगात तेवढेच उष्मांक हळू आणि जोरात सायकल मारून खर्च करायला लावले, तेव्हा खुणांवरचा परिणाम जोराच्या व्यायामात अधिक दिसला.

‘एक दिवस दणकून पळालं की आठवडाभर पुरतं’ ही समजूत कॅनडातल्या २०१०च्या प्रयोगापुढे टिकत नाही. दोन आठवड्यांत सात वेळा, चार मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं विश्रांती अशा दहा फेऱ्या. पहिल्या दिवशी, व्यायामानंतर चार तासांनी, पीजीसी-१ अल्फा या जनुकाचा आरएनए, म्हणजे त्याच्यावरून उतरवलेला निरोप, दहापटीहून जास्त वाढलेला होता. हे जनुक तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, वाढवण्याच्या कामी येतं. चोवीस तासांत आरएनए जवळपास मूळ पातळीवर. प्रथिनांचं तसं नव्हतं. ती प्रत्येक खेपेनंतर थोडी थोडी साठत गेली. आरएनए म्हणजे दवंडी. ती पिटून होते आणि विरते. स्नायू बदलतो तो प्रथिनं साठल्यावर, आणि हे काम मैदान सोडून घरी आल्यानंतरच्या तासांतही चालू असतं. रात्रीच्या झोपेवर पाणी सोडून दोन वेळा पळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दुसऱ्या दिवशी पाय दुखले की ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय’ म्हणतात. ते तास-दीड तासात निवळतं. मागाहूनचं दुखणं स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजेचं आणि सुजेचं.

आता गोळ्या. थकवा जाऊन ताकद यावी म्हणून व्हिटॅमिन सी आणि ईचे जादा डोस घेणारे पुष्कळ. जर्मनीत २००९मध्ये चाळीसेक तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. काहींना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं. व्यायामाने इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचा. व्यायामात तयार होणारे ऑक्सिडीकारक रेणू स्नायूला इशारा देतात. गोळ्या तो इशाराच दाबतात. लिंबू-आवळ्यावर मात्र राग काढू नये.

राहिले कट्ट्यावरचे, ‘आमचं वय झालं’ म्हणणारे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१७च्या अभ्यासात ६५ ते ८० वयाच्या लोकांनी बारा आठवडे आलटून-पालटून जोराचा व्यायाम केला. त्यांच्या स्नायूतल्या तंतुकणिकांची क्षमता ६९ टक्के वाढली, तरुणांची ४९. मात्र त्या प्रयोगात हृदयविकाराचे आणि मधुमेहाचे रुग्ण घेतले नव्हते. त्यामुळे ज्यांना हे आजार आहेत, त्यांनी पोरांच्या मागे धावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. तोवर चालणं आहेच.