पटिंग (डिस्क गोल्फ)
डिस्क गोल्फ या खेळात लक्ष्यापासून १० मीटरच्या आतून केलेल्या फेकीस 'पटिंग' म्हणतात. खांबावरील टोपली हे लक्ष्य होय. तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या तबकडीचा वेग शोषून तिला टोपलीत पाडतात. ही रचना अमेरिकेतील एड हेड्रिक यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. तत्पूर्वी झाडाचा बुंधाही लक्ष्य म्हणून चाले, आणि सरावाला तो आजही पुरतो.

या फेकीत बळापेक्षा तोल महत्त्वाचा असतो. तबकडी सुटल्यानंतर तोल सावरल्याचे न दाखवता खेळाडू टोपलीकडे झेपावल्यास नियमभंग ठरतो. त्यामुळे नवशिक्याने आधी चार-पाच पावलांवरून, शरीराचा भार मागील पायावरून पुढील पायावर नेत, हात लक्ष्याच्या रेषेत सोडण्याचा सराव करावा. मनगटाच्या झटक्याने फिरकी दिलेली तबकडी सरळ जाते. अलगद ढकललेली तबकडी चुकली तरी टोपलीजवळच पडते. समोरचा वारा तबकडीला वर उचलतो, तर पाठीमागचा तिला खाली दाबतो.