आजाराची 'प्रगती'

औषधाच्या चाचणीच्या संमतीपत्राच्या मराठी मसुद्यात एक ओळ होती: 'आजाराची प्रगती झाल्यास आपला सहभाग थांबवण्यात येईल.' सोलापूरकडच्या एका काकांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा काढून मला विचारलं, "ताई, बरं वाटायला लागलं की औषध बंद करणार का तुम्ही?"

गाठ वाढण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचं कुणीतरी कोशातून मराठी करून टाकलं होतं. आम्ही 'आजार वाढल्यास' अशी दुरुस्ती सुचवली. ती एथिक्स कमिटीकडून मंजूर होऊन येईपर्यंत प्रत्येकाला पत्र वाचून दाखवताना मी त्या ओळीवर थांबायचे. पुढच्याच पानावर 'यादृच्छिक' होतं. तो शब्द मी आजवर कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. मी म्हणते, "चिठ्ठी टाकल्यासारखं. कोणाला कोणतं औषध, ते कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टर नाही, मी नाही, तुम्हीही नाही."

कर्करोगाच्या रुग्णालयात मी ट्रायल को-ऑर्डिनेटर आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग लिव्हरपर्यंत, फुप्फुसापर्यंत गेलाय आणि केमो लागू पडेनाशी झालीय, अशी माणसं आमच्याकडे येतात. त्यातल्या काहींच्या गाठीत बीआरएएफ नावाच्या जनुकात एका विशिष्ट ठिकाणी बदल सापडतो. पसरलेला आजार असलेल्या शंभरांत साधारण आठ-दहा जण असे असतात, आणि त्यांचा आजार जास्त आक्रमक असतो.

या बदलामुळे पेशीला 'वाढ' हा हुकूम सतत मिळत राहतो. त्यावरची गोळी त्वचेच्या मेलानोमा कर्करोगात छान चालली होती. तीच आतड्याच्या कर्करोगात 21 रुग्णांना दिली, तेव्हा गाठ म्हणावी तशी आकसली ती एकाचीच. बदल तोच, गोळी तीच, मग असं का? उत्तर 2012 मध्ये ॲम्स्टरडॅममधल्या रेने बर्नार्ड्स यांच्या प्रयोगशाळेतून आलं. बीआरएएफ अडवलं की आतड्याच्या पेशीतला ईजीएफआर हा पृष्ठभागावरचा ग्राही (रिसेप्टर) जागा होतो आणि तोच हुकूम दुसऱ्या वाटेनं पोचवतो. मेलानोमाच्या पेशीत तो फारसा नसतोच. काकांच्या मुलाला मी हे पाटाच्या पाण्यावरून सांगितलं. एका सरीचं तोंड बुजवलं तर पाणी बांध फोडून शेजारच्या सरीत शिरतं, म्हणून दोन्ही तोंडं एकदम धरायची. तो लगेच म्हणाला, "म्हणजे दोन माणसं लागणार." हेच ते 'कॉम्बिनेशन': एक औषध कॅप्सूलमधून, एक सलाईनमधून.

या विचारावर उभी राहिलेली मोठी चाचणी म्हणजे 'बीकन'. 665 रुग्ण, तीन गट. 2019 मध्ये निष्कर्ष आले. प्रचलित उपचारांच्या गटातले निम्मे रुग्ण 5.4 महिन्यांहून अधिक जगले. एन्कोराफेनिब आणि सेटक्सिमॅब ही जोडी घेणाऱ्यांत तोच आकडा 8.4 महिने होता, तर तिसरं औषध जोडलेल्या गटात 9. नंतर जास्त दिवसांचा हिशोब झाला, तेव्हा दोन आणि तीन औषधांचे गट 9.3 वर बरोबरीत आले. अमेरिकेत मान्यता मिळाली ती जोडीला, एप्रिल 2020 मध्ये. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तिसऱ्या औषधाचा त्रास रुग्णाच्या अंगावर न घालण्याचा निर्णय मोजून घेतला गेला. आणि तीन महिने थोडे वाटतात त्यांना मी एवढंच सांगेन, तेवढ्यात पेरलेला मूग घरात येतो.

हे आकडे तयार होतात ते आमच्यासारख्या खोल्यांमधून. दर सहा आठवड्यांनी सीटी स्कॅन. रेडिओलॉजिस्ट पडद्यावर गाठीच्या एका कडेवर टिंब ठेवतात, रेघ ओढत दुसऱ्या कडेला नेतात. जास्तीत जास्त पाच गाठी, एका अवयवातल्या दोनच. काकांच्या पहिल्या स्कॅनला लिव्हरमधल्या दोन 42 आणि 31 मिलिमीटर, फुप्फुसातली 17. बेरीज 90. सहा आठवड्यांनी 27, 21, 12. बेरीज 60. निदान तीस टक्के घट झाली तर 'अंशतः प्रतिसाद' लिहायचं, आणि तोही निदान चार आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून पक्का झाला तरच. तोवर घरच्यांना काय सांगावं, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. मी आकडे सांगते आणि पुढच्या स्कॅनची तारीख देते.

सलाईनवाल्या औषधानं चेहऱ्यावर, छातीवर पुरळ उठतं, नखांच्या कडा सुजतात. आमच्या फॉर्मवर नखांच्या या सुजेला वैद्यकीय नाव आहे. बार्शीकडच्या एका मावशींनी अंगठा पुढे करून म्हटलं, "नखुरडं झालंय बाई, भाकरी थापता येत नाही." मी फॉर्मवर ग्रेड दोन लिहिलं. रोजच्या कामात अडचण आली की दोन. भाकरी थापता न येणं त्या व्याख्येत चपखल बसतं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे, असा 2013 पासूनचा नियम आहे. पण नखुरडं कळायला आधी कुणीतरी अंगठा पाहायला हवा.

त्याच मावशींनी औषधाची डबी परत दिली. रोज 4 याप्रमाणे 28 दिवसांच्या 112 कॅप्सूल, वर जादा 8 दिल्या होत्या. ट्रेमध्ये ओतून पाच-पाचच्या ढिगात मोजल्या, तर 12 निघाल्या. डायरीत मात्र अठ्ठावीसही दिवसांसमोर नातवानं बरोबरची खूण केलेली.

"मावशी, एक दिवस राहिलाय का?"

त्या पदर सावरत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकादशी होती. ती टोपणं कशाची असतात कुणाला ठाऊक. उपवासाला चालतात का, विचारायचं राहिलं."

रागावण्यासारखं काहीच नव्हतं. माझ्या बत्तीस पानी पत्रात उपवासाचा शब्दही नव्हता. मी डायरीतली खूण खोडली नाही. शेजारी त्यांच्याच हातून 'घेतली नाही' असं लिहून घेतलं, सही आणि तारीख घेतली. मग कॅलेंडर काढून पुढच्या एकादशा बघितल्या आणि मावशींना डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेले.