भूल देण्याआधी मामाची चौकशी

जोयडा तालुक्यातल्या उळवीला माघी पौर्णिमेच्या सुमारास चन्नबसवेश्वराची जत्रा भरते, धारवाड-बेळगावकडून बैलगाड्यांची रांग लागते. आज हा तालुका म्हटला की वाघ आणि काळी नदी आठवते. मुंबई इलाख्यात सुपा म्हणून ओळखला जाई तेव्हा तो तापासाठी बदनाम होता. अशा हिवतापाच्या मुलखांनी जगभर माणसाच्या तांबड्या पेशीवर एक खूण ठेवली आहे. भूलतज्ज्ञाला ती ठाऊक असावी लागते.

तांबड्या पेशीला केंद्रक नाही, नवे प्रथिन बनवायची सोय नाही. तरी तिने सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहायचा, आणि तोच तिचा वैरी. लोखंड गंजते तसा तिच्या हिमोग्लोबिनचा शेकडा दोन-तीन भाग रोज ऑक्सिडीकृत होऊन निकामी होतो. एक विकर तो पूर्ववत करते. सोबत तयार होणाऱ्या पेरॉक्साइडांना ग्लुटाथायोन आवरते. ग्लुटाथायोनला पुन्हा कामाला लावण्यासाठी एनएडीपीएच लागते, आणि या पेशीत त्याचा भरवशाचा उगम एकच : जी६पीडी हे विकर.

ते कमकुवत असणे हीच ती खूण. तसे असले तर हिवतापाच्या परजीवीला पेशीत वाढणे जड जाते, असे मानतात. मात्र अशा पेशीला काही औषधे सोसत नाहीत. त्यामागे या विकराची उणीव आहे, हे १९५६ साली अमेरिकेत उघड झाले, तुरुंगातल्या कैद्यांना प्रायमाक्विन हे हिवतापाचे औषध देऊन केलेल्या प्रयोगांतून. (आज असा प्रयोग कुठली नैतिकता समिती मान्य करेल?) आपल्याकडे १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात या विकराचा नवा प्रकार सापडला, त्याला ‘जी६पीडी कल्याण’ नाव मिळाले. केरळात सापडलेल्या प्रकाराचे मूळही जनुकातल्या त्याच बदलात आहे, हे १९९२ साली कळले. तेव्हापासून जोडनाव केरळ-कल्याण.

आता भुलीचे औषध. शिरेतून देतात ते दुधाळ प्रोपोफॉल रसायन म्हणून फिनॉल आहे, ई जीवनसत्त्वाच्या जवळचे. त्याचा हायड्रॉक्सिल गट आपला हायड्रोजन मुक्त मूलकाला देऊन टाकतो आणि मेदाच्या ऑक्सिडीकरणाची साखळी तुटते. १९९२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी त्याची ही प्रतिऑक्सिडीकारक ताकद दाखवली. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी तांबड्या पेशींच्या पटलात त्याचे संरक्षण नोंदवले. अशा पेशींसाठी बातमी गोड आहे, पण माझ्या मते तिच्यावर फार विसंबू नये. रक्तातले बहुतेक प्रोपोफॉल प्रथिनांना चिकटलेले असते, आणि काचेच्या नळीत तगलेली पेशी म्हणजे बरा झालेला रुग्ण नव्हे.

त्याच वर्षी तुर्कस्तानातील संशोधकांनी उलट बाजू तपासली. नळीत आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, मिडॅझोलॅम या भुलीच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या औषधांनी जी६पीडीचे काम मंदावले. जागा बधिर करणाऱ्या प्रिलोकेनने काहीच केले नाही. यावरून प्रिलोकेन निर्धोक ठरवाल तर फसाल. शरीरात त्याचे ऑर्थो-टोल्युइडिन होते, ते हिमोग्लोबिनला ऑक्सिडीकृत करते. मेथेमोग्लोबिन वाढते, ओठ निळसर दिसतात. त्यावर नेहमी मिथिलीन ब्लू देतात, पण तेही एनएडीपीएचच्याच जोरावर चालते. ज्याच्या पेशीत तेच अपुरे, त्याला उताऱ्यामुळे पेशीच फुटण्याचा धोका. त्याऐवजी दिलेले मोठ्या मात्रेतले क जीवनसत्त्वही अशा रुग्णाला बाधू शकते.

म्हणून गावाकडचा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी शहरात येतो तेव्हा प्रोपोफॉलच्या गुणांपेक्षा भूलपूर्व तपासणीतले दोन-तीन प्रश्न जास्त कामाचे : जन्मल्यावर बराच काळ कावीळ होती का? हिवतापाच्या गोळ्यांनंतर लघवी काळपट झाली होती? आणि मामांपैकी कुणाला असे काही झाले आहे का? हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्याला ते आईकडूनच येते. संशय आला तर जी६पीडीची साधी रक्तचाचणी करून घेता येते.